सल्ला सदर: स्पिंडल आमचा तुटला, मग बाकीच्या पाळणेवाल्यांना सांगायचं का?

पत्र असं आलंय (थोडं कापून देतोय):

"काका, आमचा जत्रेतल्या पाळण्यांचा धंदा आहे, आजोबांपासून. आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेला ब्रेकडान्स, म्हणजे गोल फिरणाऱ्या कपांचा पाळणा. मागच्या महिन्यात एका मोठ्या जत्रेनंतर माल उतरवताना ब्रेकडान्सच्या एका कपचा स्पिंडल, म्हणजे कप ज्यावर फिरतो तो दांडा, निघेना म्हणून पोराने हातोडी मारली तर एका ठोक्यात दोन तुकडे. शेवटच्या रात्री त्याच कपात लेकरं बसलेली. अण्णांनी लेथवाल्याकडून नवीन करून घेतला आणि विषय संपवला. पण ज्या फॅब्रिकेटरने आम्हाला मशीन दिलं त्यानेच त्या वर्षी अजून तिघाचौघांना सेम मशीन दिलंय, त्यातले दोघं आमच्याच पट्ट्यात फिरतात, एकाचं तर पुढच्या आठवड्यात यात्रेत लागणार आहे. मी म्हटलं सांगूया. अण्णा म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, उद्या बोभाटा झाला तर कुठली कमिटी आपल्याला जागा देईल, आणि फॅब्रिकेटर आपल्या पाहुण्यातला आहे. मला रात्रीची झोप लागत नाही. काय करू? - एक पाळणेवाला, वय २६, सोलापूर जिल्हा"

अरे, सांग. आजच सांग. हे पुढचं सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, ज्याचं मशीन पुढच्या आठवड्यात उभं राहणार आहे त्याला आधी फोन लाव, दोन मिनिटं बोल आणि मग परत ये.

लावलास? बरं. आता तो तुटलेला तुकडा हातात घे. टाकला नसशील अशी आशा करतो, टाकला असेल तर भंगारातून शोधून आण, कारण त्या तुकड्यात सगळी गोष्ट लिहिलेली असते. उन्हात धर आणि तुटलेल्या तोंडाकडे बघ. तुला दोन भाग दिसतील. एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा तांबूस, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक बारीक वळणाच्या रेघा. दुसरा भाग खडबडीत, ताजा, साखरेच्या खड्यासारखा चमकणारा. तो चमकणारा भाग म्हणजे तुझ्या पोराच्या हातोडीने तुटला तेवढा. आणि काळा भाग कधीच तुटलेला होता, कुठल्या तरी जत्रेत केसाएवढी चीर पडली, मग प्रत्येक फेरीला ती थोडी थोडी आत सरकत गेली, आत हवा-पाणी गेलं, गंज धरला. एका ठोक्यात दोन तुकडे झाले म्हणतोस म्हणजे चमकणारा भाग फार मोठा नसणार. शेवटच्या रात्री ती लेकरं त्या उरलेल्या लोखंडावर फिरत होती. तुला झोप लागत नाही ते बरोबरच आहे, आणि अण्णांनाही लागत नसणार, ते बोलत नाहीत एवढंच.

याला फटीग म्हणतात, धातू थकणं. एकदम जास्त वजन पडून तुटणं वेगळं आणि हे वेगळं. हे प्रत्येक फेरीच्या हिसक्याने होतं, आणि त्यामुळेच ते तुझ्या एकट्याचं नाही. एकाच फॅब्रिकेटरने, एकाच ड्रॉइंगवरून, बहुतेक एकाच लॉटच्या लोखंडातून, एकाच वर्षी बनवलेली चार-पाच मशीनं आहेत, ती साधारण सारख्याच जत्रा करतात, सारख्याच फेऱ्या मारतात, सारख्याच खड्ड्यांतून ट्रकमध्ये हादरे खात जातात, मग तुझ्याकडे पाच वर्षांत जिथे चीर गेली तिथेच त्यांच्याकडेही जायला कितीसा वेळ लागेल? तुझा स्पिंडल निघताना तुटला हे नशीब. त्यांचा कधी तुटेल ते कोणी सांगू शकत नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही म्हणून मला काळजी वाटतेय. तुमच्या ब्रेकडान्सला सोळा कप असतील ना? एक बदलला. बाकीचे पंधरा कोणी पाहिले का? दुसऱ्यांना सांगायच्या आधी, किंवा सांगतानाच, तुझं मशीन बंद ठेव. सगळे स्पिंडल काढ, रंग-ग्रीस साफ कर आणि डीपी टेस्ट, म्हणजे रंग मारून चीर शोधायची टेस्ट, करून घे. तीन स्प्रेचे डबे येतात, एक साफ करायचा, एक लाल, एक पांढरा. लाल मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्याने पुसून काढायचा, मग पांढरा मारायचा, आणि चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, डोळ्यांनी दिसते, भिंगसुद्धा लागत नाही. सोलापूर-पुण्यात एमआयडीसीत हे काम करणारी माणसं आहेत, त्यांना बोलावलं तर दिवसभरात सोळाच्या सोळा होतील आणि लेखी रिपोर्ट मिळेल, तो रिपोर्ट पुढे कामाला येतो. मुख्य म्हणजे स्पिंडलला जिथे जाडी बदलते ना, तो खांदा, तिथे बघा. लेथवाल्याने तिथे काटकोन ठेवला असेल तर चीर तिथूनच सुरू होते, म्हणून तिथे गोलाई द्यायची असते. तुमच्या नवीन स्पिंडलला दिलीय का? आणि कुठल्या लोखंडात केलाय, विचारलं का? जुना ईएन-२४ चा, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाचा असेल आणि नवीन साध्या माइल्ड स्टीलचा केला असेल तर तुम्ही जुन्यापेक्षा वाईट बसवून ठेवलाय. रागावत नाहीये, पण हे आजच विचार.

आता मी एवढा जीव तोडून का सांगतोय ते सांगतो. मी वीसेक वर्षं राइड्सच्या मेंटेनन्समध्ये काढली, जत्रेत नाही, पार्कात. नाव सांगत नाही. एका राइडला मांडीवर येणारा बार होता, तो दात्यांवर अडकतो आणि दाता एका छोट्या स्प्रिंगने दाबून धरलेला असतो, करंगळीएवढी स्प्रिंग. एका सकाळी चेकिंगला मला दोन सीटच्या स्प्रिंगा मोडलेल्या सापडल्या. दाता वजनाने पडायचा म्हणून बार लॉक झाल्यासारखा वाटायचा, पण हिसका बसला की उघडला असता. आम्ही सगळ्या स्प्रिंगा बदलल्या, रजिस्टरला एक ओळ लिहिली, 'स्प्रिंग रिप्लेस्ड', सही केली, संपलं. त्याच कंपनीची तीच राइड दुसऱ्या राज्यातल्या एका पार्कात होती हे मला माहीत होतं, तिथला फोरमन माझ्या ओळखीचा होता, आम्ही एकत्र ट्रेनिंग घेतलेलं, दिवाळीला फोन व्हायचा. मला त्या दिवशी त्याला फोन करायचं सुचलंच नाही असं नाही, सुचलं होतं. साहेब म्हणाले बाहेर काही बोलायचं नाही, आणि मी गप्प बसलो. सात-आठ महिन्यांनी त्याचाच फोन आला. बार उघडला होता, एक मुलगी बाहेर फेकली गेली, खांद्याचं हाड मोडलं, कवटीला मार. वाचली ती. तो मला विचारत होता, तुमच्याकडे कधी असं काही झालं होतं का रे. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहवत नाही. त्या मुलीचं वय तेव्हा चौदा होतं, आज तिची मुलं त्या वयाची असतील, आणि तरी मला ती करंगळीएवढी स्प्रिंग अजून डोळ्यांसमोर दिसते.

म्हणून तुला सांगतो, एक फोन.

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं नाही. ऑस्ट्रेलियात ड्रीमवर्ल्ड म्हणून मोठं पार्क आहे, गोल्ड कोस्टला. तिथे २५ ऑक्टोबर २०१६ ला पाण्यातल्या राफ्टच्या राइडवर चार माणसं गेली. पाण्याचा पंप बंद पडला, पातळी उतरली, एक राफ्ट रुळांवर अडकली आणि मागून येणारी तिच्यावर आदळली, खालचा कन्व्हेयर, म्हणजे राफ्ट ओढून नेणारा सरकता पट्टा, चालूच राहिला. पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. आणि पुढे चौकशीत जे निघालं ते वाचून मी सुन्न झालो, २००१ मध्ये त्याच राइडवर रिकाम्या राफ्ट एकमेकींवर आदळून उलटल्या होत्या, आणि यात माणसं असती तर काय झालं असतं हे तिथल्या माणसाने तेव्हा लिहूनही ठेवलं होतं. पंधरा वर्षं. एकाच पार्कात, एकाच गेटच्या आत, एका माणसाला कळलेली गोष्ट पुढच्या माणसापर्यंत पोचली नाही. कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला २०२० मध्ये, पण ती चार माणसं काही परत आली नाहीत.

आता याच्या उलट बाजू बघ. अमेरिकेत ओहायो राज्याची जत्रा भरते, आपल्या गावजत्रेसारखीच पण प्रचंड मोठी, पाळणे तिथेही ट्रकवर फिरतात. २६ जुलै २०१७, जत्रेचा पहिला दिवस, फायर बॉल नावाचा झोके घेणारा आणि फिरणारा पाळणा, त्याचा एक भाग चालू असताना तुटून गेला. अठरा वर्षांचा एक मुलगा जागेवर गेला, सात जण जखमी. तपासणी झालेली होती! सर्टिफिकेट होतं. हा पाळणा बनवणारी कंपनी नेदरलँड्सची, केएमजी. त्यांनी लगेच जगभरात ज्यांच्याकडे तसला पाळणा होता त्या सगळ्यांना कळवलं की थांबवा, आम्ही सांगेपर्यंत चालवू नका. आणि त्याप्रमाणे कितीतरी ठिकाणी ते पाळणे थांबले, सीझन चालू असताना, ऐन गर्दीत. मग आठवड्या-दीड आठवड्यात त्यांनी कारणही सांगितलं, सीट धरून ठेवणारा जो पोकळ खांब होता तो आतून गंजला होता, वर्षानुवर्षं पत्रा आतून पातळ होत गेला आणि बाहेरून रंग शाबूत. पाळणा अठरा-एकोणीस वर्षं जुना. हे कळल्यावर बाकीच्या मालकांना नेमकं कुठे बघायचं ते कळलं, आत बघायचं. नुसतं 'काळजी घ्या' म्हटलं असतं तर त्यांनी परत बाहेरचा रंगच बघितला असता. पुढे ओहायोने २०१९ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदाही केला.

यातून तू एवढंच घे की माहिती देताना नेमकी द्यायची. कुठला पार्ट, कुठल्या जागी, कसा दिसत होता, किती वर्षं चाललेला. आणि कोणाला दोष द्यायचा नाही. दोष कोणाचा ते तुला माहीतच नाही अजून, लोखंडाचा असेल, ड्रॉइंगचा असेल, तुमच्याच पोरांनी कधी नट जास्त आवळला असेल.

इंग्लंडमध्ये तर यासाठी पद्धतच घालून दिलीय. प्रत्येक पाळण्याची वर्षातून एकदा स्वतंत्र माणसाकडून तपासणी, त्याचा स्वतःचा नंबर, अ‍ॅडिप्स नावाची योजना आहे. नंबर असला की पाळणा विकला गेला, रंग बदलला, नाव बदललं तरी तो तोच पाळणा राहतो. आपल्याकडे काय होतं ते तुला मी सांगायला नको. मशीन एका मालकाकडून दुसऱ्याकडे, मग कर्नाटकात, मग मध्य प्रदेशात, नवीन रंग, नवीन एलईडी, नवीन नाव, आणि आधी काय मोडलं होतं, कुठे वेल्डिंग मारलंय हे फक्त जुन्या मालकाच्या डोक्यात. पाळण्यांसाठी आयएसओ १७८४२ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक आहे २०१५ पासून, बनवणं, चालवणं आणि तपासणं असे तीन भाग आहेत त्याचे. पण जत्रेच्या मैदानात रात्री अकराला मानक हातात घेऊन कोणी उभं नसतं, तिथे तू असतोस आणि तुझी पोरं असतात. म्हणून तुमच्यासारख्यांनी एकमेकांना फोन करणं हीच आपल्याकडची पद्धत आहे, जोवर दुसरी येत नाही तोवर.

अण्णांचं बोलू आता. ते वाईट माणूस नाहीत हे तुझ्या पत्रावरून कळतं, घाबरलेत. तीन पिढ्यांचा धंदा, संक्रांतीपासून वैशाखापर्यंतच्या कमाईवर वर्ष काढायचं, जागेचा लिलाव, वर्गणी, डिझेल, पोरांचे पगार, एक जत्रा हुकली तर व्याज चढतं. त्यांना 'तुमचं चुकलं' असं तोंडावर म्हणू नकोस, त्याने काही होणार नाही, घरात नुसती भांडणं होतील. त्यांच्यासमोर तो तुकडा ठेव, काळा भाग दाखव आणि विचार, अण्णा, हाच तुकडा अमक्याच्या मशीनमधला असता, त्याला महिनाभर आधी माहीत असतं आणि त्याने आपल्याला सांगितलं नसतं, आणि आपल्या पाळण्यावरून पोरगं पडलं असतं, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? एवढंच विचार आणि उठून चहा ठेवायला जा. उत्तर लगेच मागू नकोस.

बदनामीचं म्हणशील तर मला उलटा अनुभव आहे, पण तो नंतर. आधी हे बघ की एखाद्या जत्रेत अपघात झाला की काय होतं. १४ जुलै २०१९, रविवार, अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या पार्कात डिस्कव्हरी नावाचा मोठा झोका मधूनच तुटून खाली आला. दोन जण गेले, पंचवीसहून जास्त जखमी. व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. त्यानंतर ज्याचा तो पाळणा नव्हता अशा माणसांकडेही लोक संशयाने बघायला लागले, आईबाप पोरांना घेऊन मैदानाच्या कडेने निघून जायला लागले. तुझ्या पट्ट्यात त्या दुसऱ्या माणसाचा ब्रेकडान्स तुटला तर कमिटी 'ब्रेकडान्स नको' म्हणणार, 'अमक्याचा ब्रेकडान्स नको' असं नाही म्हणणार. म्हणजे धंदा वाचवायचा म्हणून गप्प बसायचं हे गणितच बसत नाही. पण खरं सांगू, हे मी अण्णांना पटावं म्हणून सांगतोय. तुला हे कारण लागणार नाही.

कायद्याचंही थोडं. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी आयपीसीत दोन वर्षं होती. आणि मालकाला आधीपासून माहीत होतं असं दिसलं तर पोलीस याहून जड कलम लावायला बघतात. तुमच्या स्वतःच्या मशीनच्या बाबतीत, बाकीचे पंधरा न तपासता ते परत उभं केलंत तर तुम्हाला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही, कारण माहीत होतं. एकदा तालुक्याच्या ठिकाणी वकिलाला भेटून ये, घाबरायला म्हणून नाही, कागद कसे ठेवायचे ते विचारायला.

पाहुण्यातला फॅब्रिकेटर. इथे अण्णांना सोबत घे, कारण नातं त्यांचं आहे. फोनवर भांडण काढू नका. त्याला म्हणा, मामा (किंवा जे काही लागतात ते), तुमच्या मशीनचा स्पिंडल असा असा गेलाय, हा फोटो, तुम्ही त्या वर्षी कोणाकोणाला दिलीत त्यांची यादी काढा आणि सगळ्यांना तुम्हीच कळवा, आम्ही तुमच्या नावाने काही बोलत नाही. त्याच्याकडून माहिती गेली तर सगळ्यात चांगलं, केएमजीने तेच केलं ना. यादी फक्त त्याच्याकडे आहे, तुला तीन-चार माहीत आहेत पण सात असतील, एखादं विदर्भात असेल, एखादं गोव्यात फेस्ताला फिरत असेल. पण त्याला मुदत द्या, दोन दिवस. जास्त नाही. तो टाळाटाळ करायला लागला तर त्याला हेही सांगा की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल बनवणाऱ्याची जबाबदारी वेगळी लिहिलेली आहे, दोषाची आणि सूचना न दिल्याचीही. आणि त्या दोन दिवसांत तुला जे माहीत आहेत त्यांना तू कळवून मोकळा हो, त्यासाठी त्याच्या परवानगीची वाट बघायची नाही.

काय लिहायचं असं विचारशील, म्हणून मी लिहून देतो, तुझ्या भाषेत बदलून घे:

"नमस्कार दादा. आमच्या ब्रेकडान्सच्या एका कपचा स्पिंडल माल उतरवताना तुटला. मशीन पाच वर्षं चाललेलं, तुमच्याच बनावटीचं. चीर आधीपासून होती, फोटो पाठवतोय, खांद्याजवळ, जिथे जाडी कमी होते तिथे. चालू पाळण्यात काही झालं नाही, कोणाला लागलं नाही. आम्ही मशीन बंद ठेवून सगळे स्पिंडल काढून तपासतोय. तुमचंही लावायच्या आधी सगळे काढून डीपी करून घ्या ही विनंती, नुसतं बाहेरून बघून कळत नाही. टेस्टवाल्याचा नंबर हवा असेल तर देतो. कोणाचा दोष म्हणून सांगत नाहीये. काही सापडलं तर मलाही कळवा."

फोटो दोन काढ. एक तुटलेल्या तोंडाचा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे माप कळतं, आणि एक लांबून, तो पार्ट मशीनवर कुठे बसतो ते दिसेल असा. मेसेजवर सोडून देऊ नकोस, फोनही कर, कारण जत्रेच्या दिवसांत दोनशे मेसेज येतात, त्यात शुभ सकाळच्या फुलांखाली तुझा मेसेज दबून जायचा. आणि त्याने 'बघतो' म्हटलं तर परत दोन दिवसांनी विचार, बघितलं का म्हणून. त्याला राग आला तर येऊ दे. तरीही त्याने न तपासता मशीन उभं केलं, तर त्या यात्रेच्या कमिटीला आणि परवानगी देणाऱ्यांना सांगायचं. पाळण्याच्या परवानगीला साधारणपणे पोलीस, बांधकाम खात्याचा मेकॅनिकल विभाग आणि इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर अशी माणसं येतातच, त्यातल्या मेकॅनिकलवाल्या साहेबांना हाच फोटो आणि हाच मेसेज दाखव. चुगली केल्यासारखं वाटेल. वाटू दे, तिथे बसणारी लेकरं कोणाची तरी आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाची माणसं राहिली. तुझी पोरं, लिव्हरवर उभी राहणारी, नट आवळणारी. तुझ्याकडे बिहार-यूपीची असतील, बंगालची असतील. आपण मालक-मालक एकमेकांना सांगतो आणि ज्याच्या हातात लिव्हर असतो त्यालाच सांगायचं राहून जातं. त्यांना तो तुकडा दाखव. मराठीत कागद लिहून चिकटवू नकोस, हिंदीत बोलून सांग, त्यांच्या भाषेत व्हॉइस नोट करून त्यांच्या ग्रुपवर टाक. कारण मशीनचा आवाज बदललाय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं, एखादा कप फिरताना 'कट्' असा आवाज करतो, एका बाजूला किंचित झुकतो, ग्रीसमध्ये बारीक चमकणारा कचरा येतो, हे सगळं त्यांना दिसतं आणि ते बोलत नाहीत, कारण बोलले की शेठ ओरडतो, पाळणा बंद का केला म्हणून. एक नियम कर, पाळणा थांबवल्याबद्दल कोणालाही ओरडायचं नाही, खोटा संशय निघाला तरी नाही. तो ज्याने हातोडी मारली ना, त्याला अण्णांच्या हातून बक्षीस दे, सगळ्यांसमोर, पाचशे रुपये का होईना. मग बघ पुढच्या जत्रेला तुला काय काय कळायला लागतं.

आणि दुरुस्तीनंतर ट्रायल घेताना कपात माणसं बसवू नकोस. आपल्याकडे सर्रास करतात, 'बसा रे पोरांनो वजनाला'. मे २०१६ मध्ये चेन्नईजवळ किष्किंता पार्कात अशीच ट्रायल चालू होती, राइडवर तिथलेच कर्मचारी बसलेले, राइड कोसळली आणि त्यातला एक कामगार गेला, बाकीचे जखमी झाले. वाळूच्या गोण्या टाक, बांधून टाक म्हणजे उडणार नाहीत, आणि सगळ्यांना जाळीच्या बाहेर उभं कर.

एक वही घाल. शंभर पानी, कव्हरवर मशीनचं नाव. कुठल्या तारखेला काय बदललं, का बदललं, कोणी बनवलं, कुठल्या लोखंडात. माझ्यासारखं 'स्प्रिंग रिप्लेस्ड' लिहू नकोस, मोडलेली सापडली असं लिही, किती मोडलेल्या सापडल्या ते लिही. उद्या मशीन विकलंस तर वही मशीनबरोबर दे. भाव कमी येईल असं अण्णा म्हणतील. येईल कदाचित.

बदनामीचा उलटा अनुभव सांगतो म्हणालो होतो. त्या मुलीच्या अपघातानंतर मी आणि तो फोरमन, आम्ही दोघांनी ठरवलं की आता काहीही सापडलं की एकमेकांना सांगायचं, साहेबांना विचारून नाही, सांगून. मग तिसरा आला, मग पाचवा. लोक आपल्याला खराब मशीनवाले समजतील अशी मला भीती होती. झालं असं की दुसऱ्या पार्कातली माणसं आम्हाला फोन करायला लागली, तुमच्याकडे हा बेअरिंग कसा चालतो, हा बोल्ट कुठून घेता. एकदा रात्री साडेदहाला फोन आला, अमुक राइडच्या चाकाच्या बोल्टला चीर सापडलीय, तुमच्याकडे तीच आहे ना. होती. सकाळी उघडायच्या आधी आम्ही बघितलं आणि चोवीसपैकी तीन बोल्टांना रेघ होती. तो माणूस मला कधी भेटलेला नाही, अजूनही नाही, आवाज तेवढा ओळखतो.

तू तुझ्या पट्ट्यात असा एक ग्रुप कर. फक्त पाळणेवाल्यांचा, फुलांचे फोटो नकोत, राजकारण नको, फक्त काय मोडलं आणि कुठे बघायचं. पहिला मेसेज तुझाच असू दे, हाच स्पिंडलचा. सुरुवातीला सगळे गप्प बसतील, कोणी नुसता अंगठा टाकेल. महिनाभराने कोणीतरी हळूच खाजगीत लिहील, आमच्याकडे पण असं झालं होतं. त्याला म्हण, ग्रुपवर टाक, नाव नको टाकूस हवं तर, मी टाकतो तुझ्या वतीने.

तो तुकडा तेवढा जपून ठेव, तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे तोंडावर नवीन गंज चढणार नाही, दोन्ही भाग एकमेकांवर घासू नकोस. ज्याचं मशीन पुढच्या आठवड्यात लागतंय त्याने सगळे स्पिंडल काढले का, काय निघालं, ते मला कळव. आणि तुझ्या पंधरांचं काय झालं तेही. मी वाट बघतोय.